मावळतीकडची खिडकी

इथे अहमदाबादला दुपारचे चार वाजत आले की मी हातातलं काम ठेवते आणि खिडकीकडे बघते. ऊन कुठवर आलं ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आधी ते खिडकीच्या खालच्या पट्टीवर बसतं, मग फरशीवर उतरतं, मग सरकत सरकत पलंगाच्या पायाशी येतं. सूनबाई हसते. म्हणते, "आई, ऊनच आहे, चोर नाही." खरं आहे तिचं. पण काळजी करणं हा माझा जुना धंदा आहे. त्यात मिळकत नाही आणि सुट्टीही नाही. या धंद्याला मी लागले ती पांढुर्ण्याला, आमच्या नव्या खोलीत, माझ्या थोरल्या बहिणीच्या, निमाताईच्या बाळंतपणात. तेव्हा मी परकर-पोलक्यातली होते आणि शाळेत जात होते. त्या उन्हाळ्यानंतर गेले नाही.

आमचं घर जाम नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं, नदीच्या बरंच अलीकडे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि खिडक्या म्हणजे हात जाईल एवढे झरोके, त्यांना लाकडी फळ्या. उन्हाळ्यात बाहेरून आत पाऊल टाकलं की काही दिसत नसे. हळूहळू रांजण दिसे, मग त्यावरचा तांब्या, मग चुलीपाशी बसलेली माय. आवाजावरूनच माणूस ओळखायचा. त्या अंधाराला एक वास होता, सारवलेल्या जमिनीचा, कांद्याचा आणि कोपऱ्यात रचलेल्या कापसाचा. दुपारी सगळं गाव गप्प होई. जिनिंगचा भोंगा तेवढा व्हायचा, आणि नागपूरकडे जाणारी गाडी पुलावर गेली की मांडणीतली भांडी किणकिणायची. हे वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय आठवायचं? पण दूर येऊन पडलेल्या माणसाला असलंच आठवतं. इथे मला कोणी 'काऊन व?', म्हणजे 'का गं?', असं म्हणत नाही. सगळे चांगले बोलतात, पण 'काऊन' म्हणत नाहीत.

सौंसरच्या रस्त्याला आमचा संत्र्याचा बगीचा होता. एका वर्षी बहार असा आला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. त्या आनंदात बाबांनी रस्त्याच्या अंगाला एक नवी खोली काढली, विटांची, वर स्लॅब. त्याच सुमारास सौंसरकडे कुठलासा जुना बंगला पाडत होते. तिथून बाबांनी एक खिडकी आणली. माणूस उभा राहील एवढी उंच, दोन झडपांची, सगळी काचेची. वरच्या ओळीत लाल आणि हिरव्या काचा. संत्री पेटीत भरताना खाली-वर तणस घालतात, तसं तणस घालून ती खिडकी बैलगाडीतून घरी आली, आणि बाबा सगळी वाट गाडीच्या बाजूने पायी चालत आले. आमच्या गल्लीत तोवर काचेची खिडकी कोणाकडे नव्हती. बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. एकीने काचेत बघून कुंकू नीट केलं.

मिस्त्री शहाणा होता. म्हणाला, "भाऊ, मावळतीले येवढी मोठी खिडकी? खोलीची भट्टी होईन."

"रस्ता कोनीकडं हाये?" बाबांनी विचारलं.

"मावळतीले."

"मंग काच काय गोठ्यातल्या बैलाले दाखवू?"

झालं. खिडकी मावळतीला बसली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या या काठाने पांढुर्णा आणि त्या काठाने सावरगाव उभं राहतं आणि एकमेकांवर दगडांची गोटमार होते. त्यामुळे ओट्यावर येऊन बसणाऱ्याला थट्टेला विषयच मिळाला. "काच तं लावली भाऊ, पन सावरगाववाले आत्तापासून नेम धरून बसले म्हन्ते!" बाबा विडी झटकून म्हणत, "गोटे नदीवर चालते, माह्या घरी नाई. अन् त्या एका दिवशी झाकीन फळ्यांनं. बाकी वर्षभर पाह्यजा तुमी." हिवाळ्यात त्या खोलीसारखी खोली नव्हती. संध्याकाळचं कोवळं ऊन आत येई, भिंतीवर लाल-हिरवे चौकोन पडत, आणि बाबा आरामात पाय पसरून त्या उन्हात बसत. त्यांच्या मनात खोली राहिली ती ही अशी, हिवाळ्यातली.

निमाताई सौंसरला दिलेली. तिचं पहिलं बाळ तिथेच झालं होतं, भर उन्हाळ्यात, आणि पाचवी पुजली त्यानंतर फार दिवस राहिलं नाही. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं, म्हणून घरात त्याच्याविषयी बोलायला कोणाकडे शब्दच नव्हता. 'ते' म्हणायचे. 'ते झालं तेव्हा', 'ते गेल्यावर'. दुसऱ्या खेपेला मायने हट्ट धरला आणि ताईला माहेरी आणली. पण दिवस भरले ते पुन्हा उन्हाळ्यातच. बाबा म्हणाले, माही पोरगी नव्या खोलीत राहीन. त्यात थाट होता, पण मायाही होती. जे घरात सगळ्यात चांगलं ते त्यांनी लेकीला दिलं. शिवाय जागा दुसरी नव्हती. जुन्या घरात एका खोलीत कापूस रचलेला, भाव येईपर्यंत हलणार नव्हता. माजघरात चूल आणि देव, तिथे बाळंतीण चालत नाही.

मुलगा झाला. बाबांना तो दारातून दाखवला, कापडात गुंडाळलेला, नाक तेवढं दिसत होतं. बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना घरच्या पुरुषाने जायचं नाही अशी रीत, आणि बाबा रीतीचे पक्के. ते उंबऱ्यापासून लांब उभे राहिले, म्हणाले, "बस. पाह्यलं," आणि बगीच्यात निघून गेले. त्यानंतर त्यांनी खोलीत पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरून येता-जाता खिडकी तेवढी बघत. संध्याकाळच्या उन्हात ती आगीसारखी झळकायची आणि बाबा खूश व्हायचे.

आत आम्ही चौघं. बाजेवर ताई, तिच्या कुशीत बाळ, येऊन-जाऊन माय, आणि सगळा दिवस मी. रोज सकाळी जनाबाई सुईण येऊन दोघांना तेल लावायची, शेक द्यायची आणि नियम सांगून जायची. खिडकी उघडायची नाही, वारा बाधतो. पंखा लावायचा नाही. माय ताईसाठी डिंकाचे लाडू करी, बिनतिखटाचं वरण, ज्वारीच्या भाकरीवर तूप. लाडू वळताना एक मला मिळायचा, जनाबाई बघत नसताना. बाहेर उन्हाळ्याची कामं चाललेली. नव्या खोलीच्या स्लॅबवर माय कुरड्या वाळत टाकी. सकाळी टाकलेल्या कुरड्या जेवणवेळेला खडखड वाजायला लागायच्या. शेजारच्या बायका म्हणत, "तुह्या गच्चीवर लय लवकर वाळते व!" त्या गच्चीखाली ताई होती, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

दुपार कलली की मावळतीचं ऊन सरळ त्या काचेवर येई. रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून मायने खिडकीला आतून गोधडी टांगली होती. वाटलं, गोधडीने ऊनही अडेल. अडलं कुठे! काचेतून ऊन आत आलं की गोधडीच तापायची, आणि मग ती रात्रीपर्यंत खोलीत ताप सोडत राहायची. तिला हात लावला तर तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी लागे. बाळाच्या मानेला, काखेत घामोळ्या उठल्या. पहिल्यांदा ते खूप रडायचं. डॉक्टर येऊन गेले. थेंब दिले आणि म्हणाले, खोली थंड ठेवा. मायने मग बारदाना भिजवून दाराला लावला, तर जनाबाई उभ्या-उभ्या भडकली. "ओला वारा? बाईचं आंग धरीन, पोराचं नाक बंद होईन. मंग मले नोका बोलावू!" बारदाना निघाला. कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. सगळे आपापल्या परीने जपतच होते. वारा नको, ओल नको, खिडकी उघडी नको. आणि खोली थंड पाहिजे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने काय करावं? मी बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास लागला की बोट काढायची. थोड्या वेळाने पुन्हा धरायची.

एकदा मायने मला चुना कालवायला सांगितला आणि आम्ही दोघींनी काचेला बाहेरून चुना फासला. त्या दिवशी खरंच जरा बरं वाटलं. संध्याकाळी बाबा बगीच्यातून आले, रस्त्यावरच थबकले. रागावले नाहीत. विहिरीवरून बादली आणली, धोतराचा सोगा भिजवला आणि बैल धुवावा तशी एक-एक काच धुऊन काढली.

"खोली तापते," माय दारातून म्हणाली.

"उन्हाळा हाये. सारंच तापते. बगीच्यात येऊन पाह्य."

"लेकरू हाये आत."

"मंग काय काचेले चुना? गरिबाची भित हाये काय ते?"

रस्त्यावर माणसं होती. माय आत वळली. माणसांसमोर ती बोलत नसे. बोलायचं ते ती मनात ठेवी.

त्याच दिवसांत माझ्या आठवीच्या परीक्षेचे पेपर होते. कोणी मला जाऊ नको म्हणालं नाही. सकाळी मी वेणी घालून तयार झाले, ताईला सांगायला गेले, तर ताईचा हात माझ्या मनगटाभोवती होता. झोपेत धरला होता की जागेपणी, ते मला अजून सांगता येत नाही. मी तिथेच बसले. नंतर बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बसजो. पुढच्या वर्षी दुसरं काही निघालं, मग लग्न निघालं, आणि गिरणीत नोकरी करणाऱ्या नवऱ्यामागे मी या गावी आले. शाळा सुटल्याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. नातवंडं काही वाचायला लागली की मी अजूनही कान देऊन बसते. पण त्या सकाळी उठून गेले असते तर मी कोण झाले असते हे मला ठाऊक नाही. बसले म्हणून कोण झाले ते ठाऊक आहे. त्याबद्दल मी ताईच्या त्या हाताची आभारी आहे.

घरात माझं मन लागेना म्हणून मायने एक दिवस मला बाबांचा जेवणाचा डबा घेऊन बगीच्यात पाठवलं. चून म्हणजे पिठलं, भाकर, कांदा आणि बरणीत ताक. मागच्या पावसाळ्यात लावलेली संत्र्याची रोपं माझ्या गुडघ्याएवढी झाली होती. बाबा एकेका रोपाच्या मावळतीकडे तुराट्यांची छोटी ताटी उभी करत होते. तूर काढून झाल्यावर उरतात त्या वाळलेल्या काड्या म्हणजे तुराट्या. जेवण झाकून ठेवलं आणि मी सुतळी धरायला बसले.

"सारीकडून काऊन नाई बांधत बाबा?"

"सकाळचं ऊन खाऊ दे त्याले. ते दुधासारखं राह्यते. हे मावळतीचं ऊन मारते." मी ताटी रोपाला चिकटवून उभी केली, तर त्यांनी माझा हात मागे घेतला. "टेकू नको देऊ! हात जाईन येवढी जागा ठेव मधात. टेकली का ताटी तापते अन् तिचा ताप लेकराले लागते. मधून हवा खेळली पाह्यजे." लेकराला म्हणजे रोपाला. बाबा रोपांशी असंच बोलत. एकेका रोपापुढे उकिडवे बसून, सावली कुठवर पडते ते बघून, ताटी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत. मला ते बघायला फार आवडलं. इतकं की संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या मायपाशी बसून मी सगळं सांगितलं. सगळ्या रोपांना ताट्या झाल्या, टेकू द्यायची नसते, बाबा त्यांना लेकरू म्हणतात. मायचा हात परातीवर थांबला. भाकर तव्यावर जळायला लागली तरी ती उलटीना. मी म्हटलं, "माय, भाकर!" तेव्हा भानावर आली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी बाळाने सकाळपासून दूध घेतलं नव्हतं. ताईने किती वेळा छातीशी लावलं, ते तोंड फिरवी. चेहरा आधी लालबुंद होता, मग नुसता सुकल्यासारखा झाला. रडणंही थांबलं. रडत होतं तेव्हा आम्हाला त्रास वाटायचा. ते थांबलं तेव्हा कळलं, रडणं किती चांगलं असतं. ताई भिंतीकडे बघत होती. तशीच मला म्हणाली, "कुंदे, तेही असंच चूप झालं होतं व."

मायने ते ऐकलं. तिने पदर खोचला, खिडकीच्या पट्टीवर ताईच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या ठेवलेला असे तो उचलला आणि बाहेर गेली. बाबा नुकतेच बगीच्यातून येऊन ओट्यावर टेकले होते, टोपीने वारा घेत. माय तांब्या त्यांच्यापुढे धरून उभी राहिली. बाळंतिणीच्या खोलीतलं पाणी घरच्या पुरुषाला द्यायचं नसतं. माय हे विसरेल असं होणं नाही.

बाबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय व? चुलीवरून उतरवून आनलं काय?"

"चूल थंडी हाये."

"मंग?"

"तुमच्या खिडकीतलं हाये. नातू त्याच्याच बाजूले निजून राह्यला."

रस्त्याने माणसं जात होती, पण माय त्या दिवशी थांबली नाही. "झाडाच्या लेकराले मावळतीकडून ताट्या बांधून राह्यले, बोटानं सावली मोजून राह्यले. अन् पोरीच्या लेकराले काच लावून ठेवली! दूध नाई घेत ते सकाळपासून. रडत बी नाई आता. गोटमारीच्या दिवशी खिडकी झाकीन म्हन्ता न? मंग आज काऊन नाई? आज काय काचेले जास्त जीव हाये?"

मला वाटलं, बाबा तांब्या भिरकावतील. त्यांनी तो पुन्हा तोंडाला लावला आणि ते सगळं गरम पाणी हळूहळू पिऊन टाकलं, शेवटच्या घोटापर्यंत. रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. उठले, रस्त्याच्या अंगाने गेले आणि काचेवर पंजा टेकवला. लगेच काढून घेतला. मग तसेच उभे राहिले, आम्हाला पाठमोरे.

वळले तेव्हा म्हणाले, "ताटी होईतर निमाले अन् लेकराले माजघरात घे."

"अन् देव?" मायने विचारलं.

"देवाले मी सांगतो."

रांजणाच्या बाजूला, सारवलेल्या गार जमिनीवर घोंगडी टाकली आणि ताईला, बाळाला तिथे आणलं. बाळाला घेऊन माय ओट्यावरून जाताना बाबांनी सवयीने तोंड फिरवलं. मग परत फिरवलं आणि बघितलं. त्या अंधारात बराच वेळ काही झालं नाही. मी नाकाखाली बोट धरून बसले होते. मायने देवापुढे दिवा लावला, माफी मागायला की मदत मागायला, तिलाच ठाऊक. मग बाळाने तोंड हलवलं. ताईने त्याला जवळ ओढलं, आणि अंधारात पहिल्यांदा आवाजच ऐकू आला, चुटूक-चुटूक. ताई रडायला लागली. माय म्हणाली, "रडू नको, दूध आटते," आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावला.

बाहेरून हाक आली, "कुंदे, सुतळी आन!"

गोठ्यापाशी तुराट्यांचा ढीग होता, चुलीसाठी ठेवलेला. त्यातल्या सरळ-सरळ काढून आम्ही रस्त्यातच बसलो. बाबा काड्या रचत, मी सुतळीचा वेढा देई, ते गाठ मारत. जाणारे-येणारे विचारत, "काय भाऊ, खिडकी विकून राह्यले काय?" बाबा मान वर करत नव्हते. ताटी बांबूला बांधून खिडकीच्या वर ठोकलेल्या खुंट्यांवर टांगली. काचेला ती चिकटू नये म्हणून बाबांनी संत्र्याच्या मोडक्या पेटीचे लाकडी तुकडे चौकटीवर ठोकले आणि मधून हात घालून बघितला. हात गेला. खालच्या सगळ्या काचा झाकल्या, पण वरची लाल-हिरवी ओळ त्यांनी तशीच सोडली. माय कमरेवर हात ठेवून बघत होती. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तेवढ्यानं काय तापते?" माय म्हणाली, "राहू द्या." उरलेल्या तुराट्या त्यांनी स्लॅबवर पसरल्या. मायच्या कुरड्यांची जागा गेली, पण ती काही बोलली नाही.

माजघरात बाळंतीण रोज ठेवता येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा नव्या खोलीत आली आणि आम्ही दुपारची वाट बघत बसलो, परीक्षेचा निकाल लागायचा असतो तसे. गोधडी काढून टाकली होती. ऊन आलं. पण ते आत उतरलं नाही, बाहेर ताटीवरच बसलं. काड्यांच्या फटींतून बारीक-बारीक रेघा तेवढ्या आल्या, जमिनीवर, बाजेवर, बाळाच्या पोटावर. ताईने उठून काचेला हात लावला. बाहेरून, अगदी जवळून, बाबांचा आवाज आला. ते ताटीपाशीच उभे होते.

"लागते का व ऊन?"

"नाई बाबा. काच कोमट हाये निस्ती."

बाबांनी विचारलं, "आनखी एक ताटी लावू काय?"

"नोका बाबा. अंधार होईन."

मग ताटीच्या फटीत मला त्यांचा डोळा दिसला. खोलीत पाय ठेवायचा नाही, पण बाहेरून बघायला कोणती रीत आड येते? बाळ जागं होतं. अंगभर उजेडाचे पट्टे घेऊन हातपाय हलवत होतं. बाबा म्हणाले, "अबे, हा तं वाघ हाये पुरा!" आणि पहिल्यांदा मी त्यांना त्या नातवापायी हसताना ऐकलं. बारशाला सौंसरहून आलेल्या सासूने चांगलं देवाचं नाव ठेवलं. ते फक्त शाळेच्या दाखल्यात राहिलं. सगळे त्याला वाघूच म्हणतात.

बाबांचा मग तो नेमच झाला. सकाळी ऊन उगवतीला असताना ताटी वर गुंडाळायची, दुपारच्या आधी सोडायची. बगीच्यातून तेवढ्यासाठी येऊन जात. लोधीखेड्याला कोणाच्या लग्नाला गेले तरी मला चार वेळा बजावून गेले, "ताटी सोडजो बरं, इसरशील." काळजी माझ्यात कुठून आली, ते यावरून कळेल. सव्वा महिन्याने ताई लेकराला घेऊन सौंसरला गेली तेव्हा बाबांनी गाडीत तुराट्यांचा एक भारा टाकून दिला. व्याह्यांनी विचारलं, "चुलीले काय?" बाबा म्हणाले, "तुमची खिडकी मावळतीले हाये न?"

ताटी मात्र आमच्या खिडकीवरून निघाली नाही. जुनी झाली की बाबा नवी करत. वरची रंगीत ओळ सोडली तर ती काच पुन्हा कधी रस्त्यावरून झळकली नाही. बाहेरगावचा कोणी पाहुणा यायचा, ऐकून आलेला असायचा, विचारायचा, "भाऊ, तुमची ते काचेची खिडकी कुठं हाये?" बाबा विडी झटकून ताटीकडे बघत म्हणत, "हाये. मांगं हाये."

मागच्या उन्हाळ्यात वाघू कसल्याशा कामाने इकडे आला होता. आता त्याचे केस पिकले आहेत, सौंसरकडचा बगीचा तोच बघतो. दुपारी जेवून पडला आणि चार वाजता घामाने उठला. ऊन त्याच्या पायावर आलं होतं. मी पडदा ओढायला गेले तर म्हणाला, "मावशी, आतून झाकून काय होते?" तसाच बाजारात गेला, रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी घेऊन आला. स्वस्तातली. खिडकीबाहेरच्या लोखंडी गजांना ती बांधायला लागला. मी सुतळी धरून उभी. माझ्याकडची बाजू मी काचेलगत ओढली, तर त्याने माझा हात मागे घेतला.

"टेकू नको देऊ मावशी. हात जाईन येवढी जागा ठेव."

मी विचारलं, "हे तुले कोनं सांगितलं रे?"

"कोन सांगते? बगीच्यात करतोच न आमी," असं म्हणून तो पुढची गाठ मारायला लागला.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ती दुपार त्यांनी वाघूला कधी सांगितली नसणार. ताईनेही नाही. 'ते'बद्दल बोलावं लागलं असतं. मीही सांगितलं नाही. त्याचा हात जाळीच्या मागून फिरताना बघत राहिले. आत आले तेव्हा फरशीवर बारीक हिरवट उजेड होता. पलंगावर वाघूची उशी होती, तिच्यावर ऊन नव्हतं. मी काचेला हात लावून बघितला. कोमट होती निस्ती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांना नवल वाटलं. तिथूनच ओरडून त्यांनी त्यांच्या भाषेत विचारलं, तुमची खिडकी कुठे गेली? मला त्यांची भाषा आता चांगली येते, पण त्या वेळी तोंडातून आमचीच निघाली.

"हाये," मी म्हटलं. "मांगं हाये."